मध कधी खराब होत नाही म्हणतात, मग आमच्या बाटल्या फसफसल्या कशा?

वाईकर_वहिनी

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाने यंदा स्टॉलवर मध ठेवायचं ठरवलंय. पापड-कुरडया, नाचणी सत्त्व, हळद हे चालूच आहे, पण महाबळेश्वरला निघालेली गिऱ्हाइकं गाडी थांबवून आधी मधच विचारतात. म्हणून तीन ठिकाणचा मध थोडा थोडा आणून बघितला. एक जावळीतल्या मधपाळाचा, सातेरीचा म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी माशीचा. दुसरा आटपाडीकडच्या पेट्यांचा, सूर्यफुलाचा. तिसरा आग्याचा म्हणजे रानातल्या मोठ्या माशीचा, मोहोळ काढणाऱ्यांकडून डब्याने घेतलेला.

तिन्ही फडक्यातून गाळले, बाटल्या धुऊन भरले. महिन्याभरात आग्याच्या बाटल्यांवर बोटभर फेस. झाकण फिरवलं की फुस्स, आणि वास आंबूस. सूर्यफुलाचा दाणेदार होऊन खाली बसलाय, वर पातळ राहिलाय. सातेरीचा ठीक आहे, पण मुळातच पातळ.

मध हजारो वर्षं टिकतो असं सगळीकडे वाचलेलं. मग हे काय? आग्याचा पाच-सहा किलो शिल्लक आहे, तो उकळून विकता येईल का? शिवाय आटपाडीहून परागकणांची पाकिटं आली होती, त्यांतल्या दोघांवर करडी बुरशी दिसतेय. आणि रोज कुणीतरी विचारतं, "बाळाला चाटवायला यातला कुठला चांगला?" त्यांना काय सांगायचं?

खवचट_कराडकर

फसफसला म्हणजे वहिनी, तुम्ही मध नाही, मद्य विकताय. आधी उत्पादन शुल्कवाल्यांचं लायसन काढा.

पेटीवाला_जावळी

कराडकर थट्टा करतायत पण खोटं नाही बोलले. त्यात यीस्ट वाढलंय, साखरेची दारू होतेय आणि वायू सुटतोय. काचेची बाटली घट्ट बंद करून ठेवू नका, फुटते.

वहिनी, तो आग्याचा मध काढला कसा ते विचारलंत का? फुलातून माशी जो रस आणते त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पेटीत आणून ती तो एकमेकींच्या तोंडी देत फिरवते, खणात पसरवते, रात्रभर पंखांनी वारा घालते. पाणी उडून मध पिकला की मग त्या खणावर मेणाचं झाकण घालते. झाकण आहे म्हणजे माशीने पास केलेला मध. आम्ही फ्रेमचा तीन चतुर्थांश तरी भाग झाकलेला दिसल्याशिवाय ती काढत नाही. काढतो तीही मधकोठीतली. खाली पिल्लांच्या कोठीला हात लावत नाही. मग सुरीने झाकणं कापायची आणि यंत्रात फिरवायची. मधाला माणसाचा हात लागतच नाही म्हटलं तरी चालेल.

आग्याचं मोहोळ मात्र बऱ्याच ठिकाणी अख्खं खाली येतं. मधाचा भाग, परागाचा भाग, अळ्या-कोष सगळं एकत्र घमेल्यात आणि मग फडक्यातून हाताने पिळायचं. त्यात अळ्यांचा रस उतरतो, पराग उतरतो, झाकण नसलेल्या खणातला कच्चा रसही उतरतो. चव भारी लागते म्हणून लोक भुलतात. सगळे असं करतात असं नाही, फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवणारेही आहेत, आणि पुढच्या मोसमात मोहोळ पुन्हा तिथे हवं असेल तर तेच बरोबर. पण डब्यात आलेला मध बघून ते कळत नाही.

आमच्या सातेरीचंही सांगतो. घाटमाथ्यावर हवाच दमट. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. एप्रिल-मेमध्ये जांभूळ-हिरड्याचा मध झाकलेल्या फ्रेमचा काढला तरी पाणी २० टक्क्यांच्या वर भरतं कधी कधी. पातळ दिसला म्हणजे भेसळ असं नव्हे. पण टिकायच्या दृष्टीने तो काठावरचा, हेही खरं.

सूक्ष्मदर्शी_सांगली

कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

"मध खराब होत नाही" हे वाक्य अर्धवट आहे. पिकलेला मध, कोरड्या आणि बंद भांड्यातला, खराब होत नाही. कारण मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि ती उरलेलं पाणी धरून ठेवते. मुरांबा टिकतो तसंच हे. जंतूला वापरता येईल असं मोकळं पाणी किती, ते शून्य ते एक या मापात मोजतात. मधाचं साधारण ०.५ ते ०.६५ येतं. रोग करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना वाढायला ०.९ च्या पुढे लागतं. शिवाय मध आंबट असतो, पीएच चारच्या खालीवर. आणि माशीच्या ग्रंथीतून आलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर त्यात असतं, मधाला थोडं पाणी लागलं की ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. तीन तीन कुलुपं आहेत.

आता गंमत इथे आहे. ही कुलुपं जंतूंना वाढू देत नाहीत. सगळ्यांना मारतात असं मात्र नाही. मी वर्गात तीन टोळ्या करून सांगते.

पहिली, ई. कोलाय, साल्मोनेला वगैरे. मधात पडले की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरतात. थंड जागी ठेवलेल्या मधात उलट जास्त तग धरतात. त्यामुळे लॅबच्या रिपोर्टात कोलिफॉर्म दिसले तर त्याचा अर्थ माशीकडे जात नाही, तो भरणाऱ्याकडे जातो. हात, पाणी, फडकं, बाटली यांतलं काहीतरी अलीकडेच घाण होतं.

दुसरी टोळी यीस्टची. गोडात जगायला शिकलेले यीस्ट फुलांत, मातीत, पेटीत, जुन्या भांड्यांत सगळीकडे असतात. त्यांचा सगळा हिशोब पाण्यावर. कॅनडातल्या लॉकहेड यांनी १९३३ साली मोजून ठेवलेलं गणित अजून वापरतात. पाणी १७ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असेल तर यीस्ट कितीही असू दे, मध आंबत नाही. १८ पर्यंत ग्रॅममागे हजाराच्या आत यीस्ट असले तर चालतं. १९ पर्यंत ग्रॅममागे दहा. २० पर्यंत ग्रॅममागे एक. आणि २० च्या वर गेलात की धोका कायमचाच. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही मधातलं पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, ते उगाच नाही.

वहिनी, तुमच्या सूर्यफुलाच्या बाटलीकडे लक्ष ठेवा. दाणे धरणं हा दोष नाही, सूर्यफुलाचा मध लवकर बसतोच, त्यात ग्लुकोज जास्त. पण ग्लुकोजचे खडे झाले की वर जो पातळ भाग उरतो त्यात पाण्याचं प्रमाण वाढतं. आंबायला सुरुवात तिथून होते. कोमट पाण्यात बाटली ठेवून सावकाश विरघळवा आणि एकजीव करा.

तिसरी टोळी सगळ्यात चिवट. बीजाणू. क्लॉस्ट्रिडियम, बॅसिलस हे जिवाणू वाईट दिवस आले की कवच करून झोपतात. मधात ते वाढत नाहीत, मरतही नाहीत, वर्षानुवर्षं पडून राहतात. धुळीतून, मातीतून, परागातून, माशीच्या पोटातून येतात. मध कितीही शुद्ध असला, स्वतः माशीने हातात आणून दिला तरी त्यात ते असू शकतात. बाळाच्या प्रश्नाचं उत्तर या टोळीत आहे, पण ते डॉक्टरांनी सांगावं.

तात्या_पाटण

म्हणजे आता मधातबी जंतू! आमच्या घरात जन्मलेलं एकूणएक पोर आधी सोन्याच्या अंगठीनं मध चाटलंय, मग आईला बिलगलंय. माझ्या आज्यापासनं नातवापर्यंत. कुणाला काही झालं नाही. हे सगळं कंपन्यांचं दुधाची पावडर खपवायचं नाटक आहे. मध म्हंजे अमृत, आणि अमृताला एक्स्पायरी नसते.

डॉ_मिरज

तात्या, पावडरची बाजू मी कधीच घेणार नाही, बाळाला सहा महिने आईचं दूधच. पण म्हणून मधही नको.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सरळ सांगतो. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायचा नाही, गुटीत उगाळायचा नाही, चोखणीला लावायचा नाही, दात येताना हिरड्यांना चोळायचा नाही.

कारण वरच्या ताईंनी सांगितलेले बीजाणू. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे. तुमच्या-माझ्या आतड्यात आधीच इतके जिवाणू नांदत असतात की या पाहुण्याला जागा मिळत नाही, तो आला तसा बाहेर जातो. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. तिथे तो उगवतो आणि विष तयार करतो. ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. १९७६ साली कॅलिफोर्नियात हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला. सगळ्यात जास्त धोका पहिल्या सहा-आठ महिन्यांत.

लक्षणं साधी वाटतात म्हणून घोटाळा होतो. आधी शी होत नाही, दोन-तीन दिवस. घरचे म्हणतात गॅस आहे, ओवा शेका. मग बाळ नीट ओढत नाही, रडणं बारीक होतं, पापण्या जड, मान टाकतं, अंग लुळं. पुढे श्वासाच्या स्नायूंवर आलं की व्हेंटिलेटर. वेळेत आलेली मुलं बहुतेक पूर्ण बरी होतात, पण आठवडे जातात त्यात. आणि एक, बाळाला मध दिला असेल तर डॉक्टरला आपणहून सांगा. काही अँटिबायोटिक्स अशा वेळी उलटतात, ते टाळता येतात.

तात्यांच्या घरात कुणाला झालं नाही हे मी मान्य करतो. मध चाटलेल्या बहुतेक बाळांना काहीच होत नाही. ज्यांना हा आजार होतो त्यांतल्याही बऱ्याच जणांनी मध खाल्लेला नसतो, त्यांना तो माती-धुळीतून होतो. पण धूळ तुम्ही थांबवू शकत नाही, मधाचं बोट थांबवू शकता. एवढाच माझा मुद्दा आहे.

तात्या_पाटण

मग बारशाला करायचं काय?

डॉ_मिरज

पेढा आपण खायचा. मधाचं बोट पहिल्या वाढदिवसानंतर, हौसेने.

खवचट_कराडकर

तात्या, पेढ्यावर तडजोड होतेय, घ्या पटकन.

शिराळ्याची_पोर

मध ओळखायची सोपी युक्ती : पाण्याच्या ग्लासात थेंब टाका, खाली गेला तर शुद्ध. कापसाची वात मधात बुडवून पेटवा, पेटली तर शुद्ध. कुत्रा खात नाही तो शुद्ध. आमच्याकडे सगळे असंच बघतात.

पेटीवाला_जावळी

ताई, घट्ट साखरेचा पाकही ग्लासाच्या तळाला जातो आणि आमचा अस्सल पातळ सातेरीचा लगेच विरघळायला लागतो. कुत्र्याचं कुत्र्यालाच माहीत. आणि यातली एकही युक्ती जंतूंबद्दल काही सांगत नाही. लोकांना "भेसळ आहे का" एवढंच विचारायची सवय लागलीय. मध कच्चा की पिकलेला, भरला कुणी, कुठे, कुठल्या भांड्यात, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते भेसळ नसलेला घाणेरडा मध हा प्रकार जास्त आढळतो.

वाईकर_वहिनी

डॉक्टर, ताई, पेटीवाले भाऊ, मनापासून आभार. बाळाचं आजपासून बंद, गटातल्या सगळ्यांना सांगते.

पण उकळायचं राहिलं. यीस्ट मरेल ना उकळून?

सूक्ष्मदर्शी_सांगली

यीस्ट मारायला उकळायची गरजच नाही. ६३ अंशांना साडेसात मिनिटं पुरतात, ६० अंशांना बावीस-एक मिनिटं. मोठ्या प्रक्रिया केंद्रांत असंच, आणि लगेच थंड करतात. पातेलं थेट गॅसवर ठेवलंत तर तळाचा मध करपतो, विकरं मरतात आणि एचएमएफ नावाचं रसायन वाढतं. नियमांत त्याला किलोमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे उकळलेला मध लॅबमध्ये नापास व्हायची छान सोय.

बीजाणूंना यातलं काहीच लागू नाही. ते १०० अंशांनाही मरत नाहीत, प्रेशरखाली १२१ अंश लागतात. म्हणजे "आम्ही तापवून देतो, बाळाला चालेल" हे म्हणायला जागा नाही.

आणि जो मध आंबून गेलाय त्याचं यीस्ट मारून काय करणार? आंबूसपणा, दारू, अळ्यांचा रस सगळं तसंच राहणार. तो विकू नका.

आटपाडी_मेलिफेरा

सूर्यफुलाचा मध बहुधा आमच्याच भागातला. आम्ही पेट्या गाडीत घालून फिरतो, डाळिंबाचा बहर, सूर्यफूल, जसं फुलेल तसं. मधाबद्दल सगळ्यांनी लिहिलंच, मी परागाचं सांगतो कारण त्यात लोक फार फसायला लागलेत.

पेटीच्या दारात जाळी लावली की माशीच्या पायावरचे गोळे खाली ट्रेमध्ये पडतात. हा पराग ओला असतो, वीस ते तीस टक्के पाणी, वरून प्रथिनं. मधासारखी साखर त्यात नाही. म्हणजे बुरशीला आयतं ताट. दिवसाआड ट्रे काढला तर त्यात मुंगी, माशांचे पाय, दारातली घाण सगळं येतं. रोज संध्याकाळी काढायचा, लगेच ड्रायरमध्ये चाळीस अंशांच्या आसपास वाळवायचा, पाणी सहा-आठ टक्क्यांवर आलं की हवाबंद. पत्र्यावर उन्हात टाकलेला पराग वरून कडक दिसतो, आत ओलाच राहतो. वर धूळ आणि माश्या (घरातल्या!) बसतात ते वेगळंच.

वहिनी, बुरशी आलेली पाकिटं फेका. बुरशी झटकून, पुन्हा वाळवून चालत नाही, काही बुरश्या जे विष सोडतात ते वाळवून जात नाही. आणि बाकीची पाकिटंही त्याच लॉटची असतील तर विकू नका. पाठवणाऱ्याला परत करा, मी असतो तर परत घेतली असती.

सूक्ष्मदर्शी_सांगली

भाऊंनी बरोबर सांगितलं. भर एवढीच की माशी स्वतः ओला पराग तसा ठेवत नाही. ती खणात दाबते, मध-लाळ मिसळते, तिथे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू त्याला आंबट करतात आणि तो टिकतो. आपण मधेच जाळी लावून काढून घेतो आणि टिकवायची जबाबदारी मात्र घेत नाही. रॉयल जेलीचं तर आणखी कडक. त्यात साठ-सत्तर टक्के पाणी, ती काढल्या क्षणापासून फ्रीजमध्येच हवी. स्टॉलवर उन्हात ठेवलेली जेलीची बाटली घेऊ नये.

परागाने काहींना जोरदार ॲलर्जीही होते. दमा, परागज्वर असलेल्यांनी चमचाभर "शक्तिवर्धक" म्हणून खाऊ नये.

तात्या_पाटण

मेणात तरी जंतू नसतील? मेण वितळवतातच की.

आटपाडी_मेलिफेरा

असतात तात्या, पण ते माणसाचे वैरी नव्हेत, माशीचे. मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं, तेवढ्याने बीजाणूला काय होणार? आमच्या मेलिफेरात, म्हणजे पेटीतल्या परदेशी माशीत, अमेरिकन फाउल ब्रूड म्हणून अळ्या कुजवणारा रोग आहे. बीजाणूवालाच जिवाणू. अळी मेली की तपकिरी चिकट होते, आगकाडी खुपसून ओढली की तार निघते. त्याचे बीजाणू जुन्या पोळ्यात, मेणपत्र्यात (फ्रेमला लावायचा मेणाचा पातळ पत्रा), पेटीच्या लाकडात, मधात दशकानुदशकं जिवंत राहतात. म्हणून दुसऱ्याची जुनी पेटी स्वस्तात मिळाली की मला भीतीच वाटते. खात्रीचा मेणपत्रा घ्या, शंका असलेली पोळी जाळा.

पेटीवाला_जावळी

सातेरीत आम्हाला जास्त त्रास युरोपियन फाउल ब्रूडचा आणि थाई सॅक ब्रूडचा. दुसरा तर विषाणू. वसाहत मजबूत ठेवणं, जुनी पोळी काढणं आणि आजारी पेटी लांब नेणं, याहून मोठं औषध नाही. काही जण सरसकट टेट्रासायक्लिन पाकातून देतात. विषाणूवर अँटिबायोटिकचा शून्य उपयोग. आणि ते औषध उतरतं मधात. २०१० साली युरोपने भारतीय मध घेणं थांबवलं होतं त्यात अँटिबायोटिकचे अंश हे मोठं कारण होतं. जंतू मारायला गेले आणि गिऱ्हाईक मारून बसले.

द्राक्षवाला_तासगाव

औषधाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या द्राक्षबागांच्या फवारणीने माश्या मरतात अशी ओरड असते. फवारणीची वेळ संध्याकाळची ठेवली तर...

संपादक

तासगावकर, विषय महत्त्वाचा आहे पण वेगळा धागा काढा, इथे फाटे नकोत. आणि "शुद्ध मध घरपोच" असे तीन प्रतिसाद उडवलेत, पुन्हा टाकू नयेत.

शिराळ्याची_पोर

एक विचारू? भाजलं-कापलं की आजी मध लावते. इतके जंतू असतील तर ते पण बंद करायचं का?

डॉ_मिरज

आजीचा अंदाज चुकीचा नाही, बाटली चुकीची आहे. भाजलेल्या जखमेवर मध हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं काम आपल्या शेजारी सोलापुरात झालंय. शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत मध आणि नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम यांची तुलना प्रसिद्ध केली होती आणि मधाची बाजू वरचढ निघाली होती. घट्ट साखर जखमेतलं पाणी ओढते आणि पातळ झालेल्या थरात वर सांगितलेलं पेरॉक्साइड तयार होत राहतं.

पण आज जखमेसाठी जो मध मिळतो तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. त्यात बीजाणूही मरतात, आणि तापवलं नसल्यामुळे विकरं बरीच टिकतात. उघड्या, खोल जखमेत क्लॉस्ट्रिडियम गेलेला कुणालाच परवडत नाही. स्वयंपाकघरातल्या बरणीत आपण पोळीचा हात घालतो, उष्टा चमचा घालतो. भाजलं की आधी वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, मग दवाखाना.

वाईकर_वहिनी

आता कामाचं बोलते. गटाची बैठक आहे. भरताना नेमकं काय करायचं? आम्ही स्वच्छताच पाळतो हो, फडकं गरम पाण्यातून काढलं, बाटल्या धुतल्या...

पेटीवाला_जावळी

आणि ओल्या वापरल्या. बरोबर ना? हिशोब करा. किलोभर मधात पाणी २० टक्के म्हणजे २०० ग्रॅम. ओल्या फडक्यातून, बाटलीच्या भिंतीवरून दहा मिली जरी गेलं तरी तो २०.८ वर जातो. वर लॉकहेडसाहेबांचं गणित बघा. मधाच्या बाबतीत ओली स्वच्छता ही अस्वच्छतेपेक्षा धोक्याची. बाटल्या आदल्या दिवशी धुवा, पालथ्या घाला, मग ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात, जाळीखाली, पूर्ण कोरड्या करा. फडकं नकोच. स्टीलची बारीक गाळणी घ्या. हात धुऊन कोरडे, नखं कापलेली, ज्याला जुलाब-सर्दी त्याने त्या दिवशी भरायला बसू नये. पावसाळी दिवशी मध उघडू नका, तो हवेतलं पाणी पितो.

भांडी स्टीलची किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकची. तेलाचे जुने डबे, जस्ताच्या बादल्या अजिबात नको, मध आंबट आहे, धातू ओढतो.

आणि सगळ्यात आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्या. हातात मावणारी नळी, मधाचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे बघायचं, पाण्याचा टक्का दिसतो. मधासाठीचा वेगळा येतो, फळांच्या रसाचा चालत नाही. डबा घ्यायच्या आधी मधपाळासमोर बघायचं. २० च्या वर असला तर नम्रपणे परत. आम्हाला राग येत नाही, आला तरी येऊ दे.

सूक्ष्मदर्शी_सांगली

प्रत्येक डब्याचा क्रमांक, तारीख, कुणाकडून, पाण्याचा टक्का, वहीत लिहा. एक छोटी बाटली नमुना म्हणून बाजूला. तक्रार आली तर शोधायला सोपं. वर्षातून निदान एकदा एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासून घ्या. पाणी, एचएमएफ, यीस्ट-बुरशी, कोलिफॉर्म एवढं नक्की. कारवीचा मध कधी ठेवलात तर आधी सांगून ठेवते, त्यात ऊसाच्या साखरेचा अंश नैसर्गिकच जास्त येतो. नियमांतही त्याला ५ ऐवजी १० टक्क्यांची सूट आहे, रिपोर्ट बघून घाबरू नका.

पेटीवाला_जावळी

महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण मिळतं, गटातल्या दोघींना पाठवा. खादी ग्रामोद्योग मंडळाचं आहे ते. "मधुबन" नावाचा मध त्यांचाच. येताना मांघर बघून या. २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आणि तिथे घराघरात पेट्या कशा ठेवतात ते नुसतं बघण्यासारखं आहे.

वाईकर_वहिनी

ठरलं मग. यंदा फक्त झाकलेल्या फ्रेमचा, मोजून घेतलेला मध. परागकण आणि आग्या नाही. गटात दोघी-तिघींनी नाकं मुरडली, आग्याला भाव जास्त मिळतो म्हणून. मी म्हटलं बाटली गिऱ्हाइकाच्या गाडीत फुटली तर तो भावही सांगा.

बाटलीवर ठळक छापतोय : एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

एकच राहिलं. तो फसफसलेला पाच किलो. विकत नाही, पण फेकायला जीव होत नाही. आमच्या परसात दोन सातेरीच्या पेट्या आहेत. त्यांना पावसात पाक देतोच, त्याऐवजी हा खाऊ घातला तर? त्यांचंच आहे ना.

आटपाडी_मेलिफेरा

वहिनी, नको! एकदम नको. आंबलेल्या मधाने माश्यांना हगवण लागते. आणि कुठल्या मोहोळाचा, कुठल्या रोगाचा, काही माहीत नसलेला मध पेटीत म्हणजे रोग स्वतःच्या हाताने आत. वर तार निघते म्हणालो ना, तो असाच पसरतो. पाक द्यायचा तर साखरेचाच.

पेटीवाला_जावळी

उघड्यावर ओतूही नका. वासाने आजूबाजूच्या सगळ्या पेट्यांच्या माश्या लुटीला येतात, मारामाऱ्या होतात आणि रोगाची वाटणी होते. खोल खड्डा काढा, ओता, वर शेण-माती टाकून घट्ट दाबा. डबा गरम पाण्याने धुऊन तेही पाणी खड्ड्यातच. संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर करा.

वाईकर_वहिनी

बरं. आज संध्याकाळीच पुरते.

खवचट_कराडकर

जागा कुठली ते इथे लिहू नका फक्त.